शिट्टी वाजली आणि मी पाठ फिरवली

पत्र असं आहे:

"ताई, मी २३ वर्षांचा आहे, दोन वर्षं झाली जिल्ह्यात पंच म्हणून बास्केटबॉलच्या मॅचेस घेतोय. गेल्या रविवारी आमच्याकडे ओपन टूर्नामेंटची सेमी होती, रात्रीची, लाइट्सखाली, पब्लिक अगदी साइडलाइनला येऊन बसलेलं. होम टीमचा सात नंबर पहिल्या क्वार्टरपासून समोरच्या बारा नंबरला डिवचत होता. आधी खेळावरून, मग त्याच्या नोकरीवरून, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये त्याच्या बहिणीवरून एक वाक्य माझ्या कानावर पडलं, पण मी सोडून दिलं कारण सीनियर सांगतात एवढं चालतंच, सगळ्यावर शिट्टी मारत बसलास तर मॅच होणार कधी. शेवटची तीन मिनिटं राहिली होती, बाराने बास्केटकडे ड्राइव्ह मारला, सातने हातावर मारलं, मी फाउल दिला आणि तो सांगायला स्कोअररच्या टेबलकडे वळलो, दुसरा पंच, माझा पार्टनर बॉल आणायला गेला. परत वळून बघतो तर बाराच्या हातात सातची कॉलर आणि दोन्ही बेंच कोर्टात. मॅच तिथेच बंद झाली. आता एक सीनियर म्हणतो पहिल्याच क्वार्टरला टेक्निकल (गैरवागणुकीचा फाउल) द्यायचास, दुसरा म्हणतो तू प्लेयर्सशी फार बोलतोस, आणि आयोजक म्हणतायत रिपोर्ट साधा लिही, पोरांचं नुकसान नको. तीन रात्री नीट झोप नाही. माझं चुकलं कुठे? - शिट्टीवाला, सांगली जिल्हा"

अरे शिट्टीवाल्या, आधी एक सांगते, झोप लागत नाहीये म्हणजे तुला या कामाची चाड आहे, तेव्हा शिट्टी ठेवून द्यायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाक. मी वीसेक वर्षं मॅचेस घेतल्या, शाळेच्या पोरांपासून ओपनपर्यंत, आणि तुझ्या पत्रातला प्रत्येक प्रसंग मी कधी ना कधी स्वतः उभं राहून बघितलाय.

तुझे दोन्ही सीनियर तुझ्या तोंडाबद्दल आणि शिट्टीबद्दल बोलतायत. मला तुझ्या पत्रातली वेगळी ओळ टोचली. "टेबलकडे वळलो, पार्टनर बॉल आणायला गेला." म्हणजे त्या क्षणी कोर्टावर दहा प्लेयर होते आणि त्यांच्याकडे बघणारा एकही डोळा नव्हता. ज्या दोघांचं अर्धा तास धुमसतंय ते दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर, एकाच्या हातावर नुकताच फटका बसलाय, स्कोअर टाइट, आणि दोन्ही पंचांच्या पाठी. राडा तिथे झाला. बहिणीवरचं वाक्य ही त्याची काडी होती, पण पेटायला मोकळी जागा तुम्ही दोघांनी दिलीत, आणि ही जागा कशी बंद करायची ते शिकता येतं म्हणून मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

बॉल लाइव्ह, म्हणजे खेळात, असतो तेव्हा प्लेयरला काम असतं, धावायचंय, बॉक्स आउट करायचंय, भांडायला वेळ कुठे असतो. शिट्टी वाजली की हात मोकळे होतात आणि तोंड पण. फाउलनंतरची पाच सेकंदं, रिबाउंडला (बास्केट हुकून परत आलेल्या बॉलसाठी उडी मारताना) कोणी खाली पडला ती वेळ, हेल्ड बॉलची (एकाच बॉलवर दोघांचे हात) ओढाओढ, फास्ट ब्रेकला मागून बसलेला धक्का, ब्लॉक मारून खाली पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून खुन्नस देणं, मी बघितलेल्या बहुतेक मारामाऱ्या यातल्याच कुठल्या तरी जागी सुरू झाल्या. म्हणून जो फाउल देतो त्याने टेबलकडे पळायचं नाही. हात वर ठेवायचा, नंबर बघायचा, त्या दोघांच्या जवळ दोन पावलं टाकायची, ते वेगळे झाले, एकाने तोंड फिरवलं, मग जायचं. टेबल कुठे पळून जात नाहीये, स्कोअरर थांबेल. आणि तू रिपोर्ट करतोस तेव्हा पार्टनरने बॉलकडे ढुंकूनही बघायचं नाही. बॉल गेला पब्लिकमध्ये तर गेला, कोणीतरी पोरगं आणून देईल, त्याने फक्त दहाच्या दहा प्लेयर डोळ्यांत ठेवून उभं राहायचं. हे मॅचच्या आधी पार्टनरशी ठरवून घ्यावं लागतं, नुसतं "चल करूया" म्हणून कोर्टात उतरलात की मग असंच होतं, दोघांनाही वाटतं दुसरा बघतोय.

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये ९ डिसेंबर १९७७ ला लेकर्स आणि रॉकेट्सच्या मॅचमध्ये काय झालं ते तू ऐकलं असशील. रिबाउंडनंतर खेळ दुसऱ्या बाजूला सरकला, मागे दोघांची झटापट चालू राहिली, रॉकेट्सचा रूडी टॉमजानोविच तिकडे धावत आला आणि लेकर्सच्या कर्मिट वॉशिंग्टनने वळून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. चेहऱ्याची हाडं मोडली, माणूस मरता मरता वाचला. वॉशिंग्टनला ६० दिवसांची बंदी आणि दहा हजार डॉलर दंड झाला. तेव्हा एनबीएत दोनच पंच असायचे, तुमच्यासारखेच. त्यानंतर १९७८-७९ च्या सीझनला त्यांनी तिसरा पंच आणला, खर्च परवडत नाही म्हणून वर्षभरात काढला, आणि १९८८-८९ पासून कायमचा केला. बॉलमागे सगळे डोळे गेले की मागे काय उरतं हे त्यांना एवढी किंमत देऊन कळलं. तुमच्या टूर्नामेंटला तिसरा पंच मिळणार नाही हे मला माहितीये, म्हणूनच दोघांनी डोळे वाटून घेणं आणखी गरजेचं.

आता बोलण्याबद्दल. पोरांनी कोर्टावर तोंडच उघडू नये असं मी कधीच म्हणणार नाही. "ये ये, मार थ्री, सोडलाय तुला", "डावा हात आहे का नाही रे तुला", हे चालतं, यात खेळ आहे, कधीकधी तर ऐकायला मजा येते आणि दोघंही मॅचनंतर एकाच टपरीवर चहा पितात. बोलणं खेळावरून माणसावर कधी सरकतं तिकडे कान ठेवायचा. तुझ्या सात नंबरने तुला अगदी पायरी पायरीने दाखवलं होतं बघ, खेळ, मग नोकरी, मग बहीण. नोकरीवर आला तिथे तुझं पहिलं वाक्य यायला हवं होतं. पुढच्या डेड बॉलला, म्हणजे खेळ थांबला की, त्याच्या शेजारून चालत जायचं, त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, बोट दाखवायचं नाही, पब्लिकला कळणार नाही इतक्या हळू आवाजात, "सात नंबर, ऐकलं मी. खेळावर बोल, त्याच्यावर नको." बस. दोन वाक्यं. लेक्चर दिलंस की तो उत्तर देणार, त्याने उत्तर दिलं की तुझा इगो मध्ये येणार. दुसरा सीनियर तू फार बोलतोस म्हणाला ते याच अर्थाने असेल तर त्याचं ऐक.

तेवढ्याने थांबला नाही तर ऑफिशियल वॉर्निंग. ही नीट समजून घे कारण खूप नवीन पंच इथे गडबड करतात. क्लॉक थांबलेलं, बॉल डेड, तेव्हा प्लेयरला सांगायचं आणि त्याच्या कोचला पण जाऊन सांगायचं, आणि ती वॉर्निंग मग त्या टीममधल्या सगळ्यांना उरलेल्या मॅचभर लागू, त्याच प्रकारच्या वागण्यासाठी. म्हणजे सात गप्प बसला आणि त्याच्या जागी नऊने सुरू केलं तरी आता टेक्निकलच. कोचला सांगितल्याचा फायदा हा की निम्म्या वेळा तोच त्याला बाहेर बसवतो, तुझं काम तो करतो. कोचला आपल्या प्लेयरचा टेक्निकल नको असतो, एक फ्री थ्रो जातोच, शिवाय तो प्लेयरच्या पाच फाउल्समध्ये (पाच भरले की तो बाहेर) मोजतात आणि टीम फाउल्समध्ये पण, आणि दोन टेक्निकल झाले की प्लेयर बाहेर, एक टेक्निकल आणि एक अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाला न शोभणारा धसमुसळा फाउल) झाला तरी बाहेर.

पण बहीण, आई, जात, धर्म, कोणाचा रंग, कोणाचं अपंगत्व, इथे वॉर्निंग वगैरे काही नाही. कानावर पडलं की हातांचा टी, म्हणजे टेक्निकलची खूण, तिथल्या तिथे, पहिल्या मिनिटाला असो की शेवटच्या. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत प्रतिस्पर्ध्याला डिवचणं हे टेक्निकलच्या यादीत सरळ लिहिलंय आणि प्रकार फारच गलिच्छ असेल तर डिसक्वालिफाय, म्हणजे थेट मॅचबाहेर, करायचा अधिकारही तुला आहे. "एवढं चालतंच" हे जे सीनियर म्हणतात ना, ते ज्याला ऐकावं लागतं त्याला जाऊन विचारा एकदा. ज्याच्या जातीवरून कोर्टावर शिवी पडते आणि पंच दुसरीकडे बघतो, तो पोरगा त्या दिवशी बास्केटबॉलबद्दल काय शिकतो याचा विचार करून माझा जीव तुटतो.

माझी एक गोष्ट सांगते. कॉलेज लेव्हलची मॅच होती. एक सेंटर (बास्केटजवळ खेळणारा प्लेयर), उंच, सडपातळ, उजव्या हाताच्या दोन बोटांना पांढरी टेप गुंडाळलेली. फ्री थ्रोच्या वेळी लेनवर उभा असताना तो माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "मॅडम, हा माझ्या वडिलांवरून बोलतोय." मी म्हणाले, "खेळावर लक्ष दे." हे एवढंच मी म्हणाले. तो पुढे काही बोलला नाही, टेपचं सुटलेलं टोक अंगठ्याने दाबून बसवत राहिला, आणि समोरचा हसत होता. दोन मिनिटांत रिबाउंडला त्याचं कोपर गेलं, समोरच्याचा पुढचा दात अर्धा तुटला, रक्त, आरडाओरडा. मी त्याला बाहेर काढलं, नियमाप्रमाणे बरोबरच होतं ते. नंतर कळलं की त्याचे वडील महिन्याभरापूर्वीच गेले होते आणि दुसरा पोरगा त्याच गल्लीतला, त्याला सगळं माहिती होतं. त्याच्या नावावर डिसक्वालिफिकेशन, दुसऱ्याच्या नावावर काही नाही. त्याने माझ्याकडे मदत मागितली होती रे, पंचाकडे मागायची असते तशीच मागितली होती, आणि मी त्याला परत पाठवलं.

तेव्हापासून दोन गोष्टी मी कधी सोडल्या नाहीत. कोणी येऊन सांगितलं की समोरचा असं असं बोलतोय तर "मी ऐकलं नाही" म्हणून झटकायचं नाही. ऐकलं नसेल तर शिट्टी देता येत नाही हे खरं, पण "ठीक आहे, मी आहे इथे, आता माझं लक्ष आहे" एवढं म्हणता येतं, आणि पुढची चार पझेशन्स खरंच त्यांच्या जवळ उभं राहता येतं. पंच दोन मीटरवर उभा आहे म्हटल्यावर बहुतेकांचा आवाज आपोआप बसतो. दुसरं म्हणजे बोलणाऱ्यापेक्षा गप्प झालेल्याकडे बघ. बडबड्या सहसा मारत नाही, त्याला बोलण्यातच मजा असते. जो आधी उत्तर देत होता आणि अचानक द्यायचा थांबला, जबडा आवळलेला, बॉल सोडून माणसाकडे बघतोय, हात कमरेवरून खाली आलेले, तो मारणार असतो. आणि पंचाला नेहमी दुसराच फटका दिसतो, पहिला दिसत नाही, म्हणून शिक्षा उलट उत्तर देणाऱ्याला होते. तुझा बारा नंबर दुसऱ्या क्वार्टरनंतर बोलत होता का गप्प झाला होता? आठवून बघ, मला वाटतं गप्प झाला असेल.

आणि हो, सोपं पडतं म्हणून दोघांनाही टेक्निकल वाटून टाकायची सवय लावून घेऊ नकोस. दोघं छातीला छाती लावून ओरडतायत तर दोघांना दे, दंड एकमेकांत वजा होतो, मॅच पुढे जाते. पण एकाने अर्धा तास डिवचलंय आणि दुसऱ्याने एकदा "गप बस" म्हटलंय, तिथे दोघांना सारखं मोजलंस तर दुसऱ्याला कळून चुकतं की इथे न्याय मिळत नाही, मग तो स्वतःच्या हाताने घेतो.

पहिला सीनियर म्हणतो पहिल्या क्वार्टरला टेक्निकल द्यायचास. मला तसं वाटत नाही, पहिल्या क्वार्टरला तू पोस्टमधली, म्हणजे बास्केटजवळची, ढकलाढकली पकडली का हे मला विचारायचंय. माझा अनुभव असा की तोंड चालतं त्याच्याआधी कोपर चाललेलं असतं. जर्सी ओढणं, कंबरेत गुडघा, स्क्रीनला (समोरच्याची वाट अडवून उभं राहताना) खांदा, हे पहिल्या पाच मिनिटांत पकडलं की प्लेयरला वाटतं पंच बघतोय, मला बघायची गरज नाही. सोडलं की तो आपला हिशोब आपण ठेवायला लागतो. हेल्ड बॉलला पण तसंच, दोघांचे हात बॉलवर घट्ट बसले की लगेच शिट्टी, ओढाताण करून बघू कोण जिंकतो असं थांबायचं नाही, तसाही बॉल कोणाचा हे टेबलावरचा ॲरो (आळीपाळीने बॉल कोणाला ते दाखवणारा बाण) ठरवणार आहे. आणि वॉर्मअपला कोर्टाकडे पाठ करून चहा पित बसू नका, फिबाच्या नियमाने पंचाचा अधिकार मॅचच्या वीस मिनिटं आधीपासून सुरू होतो.

हे वॉर्मअपचं का म्हणते, तर २ जुलै २०१८ ची फिलिपिन्स आणि ऑस्ट्रेलियाची वर्ल्डकप क्वालिफायर, मनिलाजवळच्या फिलिपीन अरेनामधली. तिथे मॅचच्या आधीपासूनच वातावरण बिघडलेलं होतं, आदल्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या टीमने कोर्टावरचे स्टिकर घसरतात म्हणून उपटले त्यावरून कटुता, मग वॉर्मअपला धक्काबुक्की. तिसऱ्या क्वार्टरला एक फाउल झाला, ऑस्ट्रेलियाच्या डॅनियल किकर्टने फाउल करणाऱ्याला कोपराने पाडलं आणि पुढे बेंच, स्टाफ, सगळे कोर्टात, खुर्ची सुद्धा फेकली गेली. १३ प्लेयर बाहेर काढले, फिलिपिन्सचे नऊ आणि ऑस्ट्रेलियाचे चार. फिलिपिन्सकडे तिघंच उरले, त्यातल्या दोघांचे फाउल भरले आणि एकट्या प्लेयरवर मॅच चालत नाही म्हणून ८९-५३ ला तिथेच संपली. तीन पंच होते, आंतरराष्ट्रीय दर्जाचे, तरी झालं. तू दोन वर्षांचा पंच आहेस, स्वतःला इतकं कोसू नकोस.

बेंचचा नियम मात्र तुला पाठ पाहिजे. मारामारी झाली किंवा व्हायच्या बेतात असली तरी बेंचवरून फक्त हेड कोच आणि फर्स्ट असिस्टंट कोच आत येऊ शकतात, ते पण पंचांना मदत करायला. बाकी जो कोणी बेंच एरिया सोडेल तो डिसक्वालिफाय, सोडवायला आला होता म्हणाला तरी. कठोर वाटतो, पण दहाजणांची झटापट तुम्ही दोघं आवरू शकता, चोवीसजणांची नाही. २००७ च्या एनबीए प्लेऑफला सॅन अँटोनियोच्या रॉबर्ट हॉरीने फिनिक्सच्या स्टीव्ह नॅशला टेबलावर आदळलं तेव्हा फिनिक्सचे स्टूडमायर आणि डियाव नुसते बेंचवरून उठून पुढे आले, कोणाला हात लावला नाही, तरी पुढच्या मॅचला दोघं बंद. फिनिक्स ती सीरिज हरलं. म्हणून मॅचआधी दोन्ही कोचना एक वाक्य सांगून ठेव, "काही झालं तर तुमची पोरं खुर्चीवर, तुम्ही आत या." कोच आधीच हात आडवे धरून उभा राहतो मग.

पेटलंच तर, जोरात लांब शिट्टी, आणि सुरुवातीच्या एक दोन सेकंदांत फक्त दोघंच असतील तर मध्ये जाऊन आवाजाने वेगळं करता येतं. कोणाला मागून मिठी मारून धरू नकोस, तू ज्याला धरलंस त्याला दुसरा येऊन मारतो. चारपाच जण झाले की मागे सरक. एकाने मारामारी बघायची, दुसऱ्याने बेंच, आणि नंबर लक्षात ठेवायचे, कोणी पहिला हात उचलला, कोण बेंचवरून आला, कोण सोडवत होता. त्या वेळी तुझी ताकद कोणाला नकोय, तुझी आठवण हवीये. आणि शांत झालं की सगळ्यांना आपापल्या बेंचकडे पाठवायचं, मगच पार्टनरशी चर्चा. २००४ ला डेट्रॉइटजवळ एनबीएचीच पेसर्स आणि पिस्टन्सची मॅच, ४५.९ सेकंद उरलेले, ९७-८२, निकाल लागल्यातच जमा, आणि प्लेयर्समधली ढकलाढकली जवळजवळ थंड झाली होती. पण सगळे कोर्टावरच घुटमळत राहिले, पेसर्सचा रॉन आर्टेस्ट टेबलावर आडवा पडला, पब्लिकमधून ग्लास येऊन त्याच्या अंगावर पडला आणि तो थेट स्टँडमध्ये घुसला. त्याला उरलेला पूर्ण सीझन बाहेर बसावं लागलं, ८६ मॅचेस. तुमच्याकडे तर पब्लिक साइडलाइनला टेकून बसतं. पुढच्या वेळी आयोजकांना आधीच सांग, लाइनपासून दोन मीटर मागे, नाहीतर बॉल वर जाणार नाही, मॅच सुरूच होणार नाही. नियमातही दोन मीटर मोकळे लिहिलेत, तू काही जास्तीचं मागत नाहीयेस.

राहिला रिपोर्ट. आयोजक म्हणतायत साधा लिही. त्यांची अडचण मला कळते, टूर्नामेंट पुढच्या वर्षी करायचीये, दोन्ही टीम्स परत यायला हव्यात. पण साध्या रिपोर्टमध्ये काय येईल ते बघ, "बारा नंबरने सात नंबरची कॉलर धरली." एवढंच येईल, कारण एवढंच सगळ्या गावाने बघितलंय. मग बंदी बाराला बसेल. सात नंबरने काय म्हटलं ते बघणाऱ्यांपैकी कोणालाच ऐकू गेलं नाहीये, ते फक्त बाराने ऐकलंय आणि तू. म्हणून आज रात्रीच बस आणि लिही, क्वार्टर, साधारण वेळ, नंबर, बहिणीवरचं ते वाक्य जसं ऐकलंस तसंच्या तसं, सभ्य करू नकोस. त्याखाली लिही की मी ते ऐकलं आणि त्यावर कारवाई केली नाही. आणि फाउलनंतर आम्हा दोघांची पाठ होती, हे पण. कमिटी तुला बोलेल कदाचित, महिनाभर मॅचेस देणार नाही कदाचित. मग सही कर, एक फोटो काढून स्वतःकडे ठेव, आणि उद्या सकाळी आयोजकांच्या हातात न देता थेट जिल्हा असोसिएशनकडे नेऊन दे.